जात्याची घरघर

आमच्या घरात टेपरेकॉर्डर आला तो १९८७ च्या दिवाळीत. थोरले चुलते मुंबईला गिरणीत होते. ८२ च्या संपात गिरणी सुटली, मग त्यांनी मशीद बंदरला माथाडीत काम धरलं. पाच वर्षांनी हात जरा मोकळा झाला तेव्हा त्यांनी पोत्यात गुंडाळून टेप आणला. एक कॅसेट बसायची, एकच स्पीकर, वर धरायला दांडी. ओट्यावर ठेवून त्यांनी आम्हा पोरांना एकच ताकीद दिली.

"ही लाल कळ दिसती न्हवं? ही दाबायची न्हाई. दाबली की आतलं समदं पुसतंय."

पुढं मी एसटीत कंडक्टर झालो, लग्न झालं, पोरं झाली, पण फावला वेळ सगळा आवाज साठवण्याच्या आणि जुळवण्याच्या नादात गेला. त्या नादातले चार सोबती मिळाले. चुका करत करत आम्ही घरच्या घरी गाणं मुद्रित करायला, मिसळायला शिकलो. लाल कळीचा अर्थ मात्र मला कळायला तीस वर्षं लागली.

आमचं गाव माण तालुक्यात, म्हसवडच्या बाजूला. पाऊस कमी, मेंढरं जास्त. गावात गाणं भरपूर होतं. एकादशीला भजन, जत्रेत धनगरांचा गजी ढोल, पहाटे जात्यावर बाया. पण गाणं ही साठवायची चीज आहे असं कुणाच्या डोक्यात नव्हतं. गायलं, ऐकलं, संपलं. उद्या परत गायचं.

आवाज साठवायचा धंदा आपल्या देशात सुरू झाला तो विसाव्या शतकाच्या अगदी तोंडाला. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीनं फ्रेड गाइसबर्ग नावाचा आपला माणूस कलकत्त्याला पाठवला आणि नोव्हेंबर १९०२ मध्ये त्यानं गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. तेव्हा विजेचा माईक नव्हता. एक मोठा कर्णा असायचा, त्यात तोंड घालून गायचं. आवाजाच्या धक्क्यानं सुई थरथरायची आणि मेणाच्या तबकडीवर रेघ उठायची. गाणं तीनेक मिनिटांत आटपायला लागायचं. शेवटी गौहर जान आपलं नाव इंग्रजीत सांगून टाकायच्या. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथल्या कामगारांना कुठलं गाणं कुणाचं हे कळावं म्हणून.

त्या काळात मिक्सिंग म्हणजे काय, तर कुणाला कर्ण्यापासून किती लांब बसवायचं एवढंच. गाणारा पुढं, साथीची वाद्यं मागं. गाणाऱ्यानं वरचा सूर लावला की मान मागं घ्यायची, नाहीतर सुई उडायची. १९२५ साली विजेच्या माईकनं मुद्रण सुरू झालं तोवर जगभर हेच चाललं.

हे मी फार पुढं वाचलं आणि एकटाच हसलो. कारण आमच्या भजनात रोज हेच चालायचं. वडील पखवाज वाजवायचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. देवळात बैठक कशी घालायची हे तेच ठरवायचे. पेटी बुवांच्या उजव्या हाताला, पण तोंड भिंतीकडं. टाळकरी दोन्ही अंगांना निम्मे निम्मे. एक नवा गडी होता, त्याच्या टाळाचा आवाज कानठळ्या बसवणारा. अण्णा त्याला म्हणाले, "पाव्हणं, तुमी दाराशी बसा. तुमचा टाळ चांगला हाय, पर तिकडनं." गड्याला राग आला. पण तो दाराशी गेल्यावर बुवांचे शब्द मागच्या बायकांना ऐकू यायला लागले, हे सगळ्यांनाच कळलं.

आता कॅसेटविषयी. फिलिप्स कंपनीनं ती १९६३ मध्ये काढली. चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद फीत, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकणारी. सुरुवातीला ती बोलणं टिपून घ्यायला म्हणून होती, गाण्यासाठी तिला कुणी हिशेबात धरत नव्हतं. पण १९८० नंतर आपल्याकडं टेप स्वस्त झाले, टी-सिरीजसारख्या नव्या कंपन्या आल्या आणि बघता बघता तबकडीचा जमाना संपला. पीटर मॅन्युएल नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं या उलाढालीवर 'कॅसेट कल्चर' नावाचं पुस्तकच लिहिलं, १९९३ साली. मुंबईत-कलकत्त्यात बसलेल्या एकदोन कंपन्यांच्या हातातलं गाणं जिल्ह्याजिल्ह्यात कसं पांगलं, ते त्यात आहे. आम्हाला ते पुस्तक वाचायची गरज नव्हती. जत्रेत प्रल्हाद शिंद्यांच्या कॅसेटींशेजारी तालुक्यातल्या शाहिराची कॅसेट मांडलेली आम्ही डोळ्यांनी बघत होतो.

पण मला वाटतं, कॅसेटनं केलेली खरी मोठी गोष्ट वेगळीच. तबकडी फक्त ऐकता यायची. कॅसेटीच्या यंत्राला लाल कळ होती. ती कळ माझ्यासारख्याच्या बोटाखाली आली.

१९९६ च्या उन्हाळ्यात मी ती पहिल्यांदा कामासाठी दाबली. गावात पिठाची गिरणी येऊन बरीच वर्षं झाली होती, पण हुलगे भरडायला आजी जातंच मांडायची. पहाटे चार-साडेचारला. मी नुकताच एसटीत लागलो होतो, पहिल्या गाडीला ड्युटी असायची, म्हणून जागा असायचो. साठ मिनिटांची कोरी कॅसेट आणली, टेप उंबऱ्यावर ठेवला आणि कळ दाबली. आजीला सांगितलं नव्हतं. अंधारात तिला दिसलंही नाही. दोन्ही बाजू मिळून पंचेचाळीस मिनिटं ती गायली. माहेर, भाऊ, विठ्ठल, मेलेला लेक, पाऊस. मधे खोकली, मधे कोंबडीला हाकललं, मधे गप्प बसून नुसतंच जातं ओढलं. १९९९ मध्ये ती गेली. कॅसेट अण्णांच्या ट्रंकेत, सातबाऱ्याच्या कागदांबरोबर राहिली.

आता सोबत्यांविषयी सांगतो.

बाजारात रेडिओ दुरुस्तीवाल्या तात्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी. बाजारच्या दिवशी आम्ही तिथं जमायचो. एक प्राथमिक शाळेचे गुरुजी, पेटी चांगली वाजवायचे. एक माझा भाचा, बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवायचा. चौथा मोबाईल आणि झेरॉक्सचा दुकानदार. तात्या धरून पाच जण. कुणाचंही शिक्षण या विषयातलं नाही. एखाद्याला दारूचा नाद असतो तसा आम्हाला हा.

तात्यांनी आम्हाला पहिली गोष्ट शिकवली ती टेपचं तोंड साफ करायची. काडीला कापूस गुंडाळायचा, स्पिरिटात बुडवायचा आणि फीत जिथं घासते तो भाग पुसायचा. "निम्म्या लोकांचा टेप बिघडलेला नसतोय," ते म्हणायचे, "त्येचं तोंड धुतलेलं नसतंय." दुसरी गोष्ट शिकवली ती थर चढवायची. एका टेपवर अण्णांचा पखवाज मुद्रित करायचा. मग तो टेप लावायचा, शेजारी गुरुजींनी पेटी वाजवायची आणि दोन्ही मिळून दुसऱ्या टेपवर घ्यायचं. मग तो लावून त्यावर गाणं. असं करता करता एकटा माणूस पाच जणांचं भजन उभं करू शकतो.

आम्हाला वाटलं हा शोध तात्यांचाच. पुढं कळलं की लेस पॉल नावाच्या अमेरिकन गिटारवाल्यानं १९४० च्या दशकात आपल्या घराच्या गॅरेजात हेच केलं होतं. तेही फितीवर नाही, तबकड्यांवर. एक तबकडी वाजवायची, सोबत गिटार वाजवायची, ते दुसऱ्या तबकडीवर घ्यायचं. अशा आठ गिटारी एकावर एक चढवून केलेली त्याची तबकडी १९४८ मध्ये बाजारात आली. म्हणजे घरगुती मुद्रणाचा धंदा सुरू झाला तोच गाडी ठेवायच्या खोलीत. आमची पत्र्याची टपरी काही फार मागं नव्हती.

थराच्या या पद्धतीत एक खोड होती. दर थराला फितीची सूं वाढत जायची. तिसऱ्या थराला पहिला पखवाज लांबून, पावसातून आल्यासारखा वाटायचा. मागं जाऊन त्याला मोठं करायची सोय नाही, कारण तो पेटीत कायमचा मिसळलेला. टिॲक कंपनीनं १९७९ मध्ये एका कॅसेटवर चार वेगळे पट्टे घेणारं पोर्टास्टुडिओ नावाचं यंत्र काढून ही अडचण सोडवली होती, पण ते यंत्र आमच्यापैकी कुणी कधी डोळ्यांनी बघितलं नाही. आमची अडचण सुटली ती २००७ साली, मोबाईलवाल्यानं दुकानात जुना काँप्युटर घेतला तेव्हा.

त्यावर ऑडॅसिटी नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं. पडद्यावर आवाजाच्या निळ्या लाटा उठलेल्या बघून तात्या कितीतरी वेळ बोलले नाहीत. चाळीस वर्षं ज्या गोष्टीला ते हात लावत होते ती त्यांना पहिल्यांदा दिसत होती. इथं प्रत्येक वाद्याला आपला पट्टा. पखवाज निराळा, पेटी निराळी, गाणं निराळं. वाटेल तेव्हा एकाला उठवा, एकाला बसवा.

आणि तिथंच आमची पहिली फजिती झाली. गुरुजींनी कानात हेडफोन घालून पखवाजावर पेटी वाजवली. ऐकलं तर पेटी मागं पडलेली. परत वाजवली, परत मागं. भाचा बोलून गेला, "गुरुजी, आज लय ढिली हाय तुमची." तीस वर्षं पेटी वाजवलेल्या माणसाला हे बोलल्यावर काय होणार? गुरुजी दोन बाजार आलेच नाहीत. भाच्यालाच शेवटी सुचलं. त्यानं हेडफोन माईकला चिकटवला, एक टाळी वाजवून दिली आणि तीच टाळी परत मुद्रित केली. पडद्यावर दोन टाळ्यांत अंतर निघालं. माणूस नाहीच मधे, तरी अंतर. म्हणजे काँप्युटरला आवाज आत घेऊन बाहेर द्यायला वेळ लागत होता आणि ढिला तोच होता. तेवढं अंतर मोजून पट्टा डावीकडं सरकवला की पेटी ठिकाणावर. भाचा गुरुजींच्या घरी जाऊन पाया पडून आला. तेव्हापासून आमचा नियम झाला. यंत्रावर आधी संशय घ्यायचा, माणसावर नंतर.

दुसरी अडचण खोलीची. दुकानाच्या मागची खोली सिमेंटची, वर पत्रा. तिथं गायलं की आवाज डब्यात गायल्यासारखा घुमायचा. पुण्याच्या गाडीवर ड्युटी लागली की मी तपकीर गल्लीत चक्कर मारायचो. तिथं एका दुकानात भिंतीला लावायचा फोम बघितला. किंमत ऐकून परत आलो. आमच्या मुलखात फोम नसला तरी घोंगडी होती. घरोघरची जुनी जड घोंगडी गोळा केली, भिंतीपासून वीतभर सोडून दोरीवर टांगली. कोपऱ्यात गुरुजींनी कडब्याच्या पेंढ्या उभ्या केल्या. पोकळ, दाट, उंच. खोलीचा घुमारा निम्म्याहून कमी झाला. मोठ्या स्टुडिओंच्या भिंतीत दगडी लोकर किंवा काचेची लोकर भरतात, हे पुढं कळलं. आमची मेंढराची होती एवढाच फरक. खोलीला वास मात्र असा यायचा की गाणाऱ्याला वाटावं वाड्यात मेंढरं बसलीत.

वीज हा तिसरा घोर. त्या वर्षांत भारनियमन दिवसाला दहा-बारा तास असायचं. वीज यायची ती रात्री, शेतीपंपासाठी. मग मुद्रण रात्री बाराला. आणि सगळ्या शिवारातल्या मोटरी एकदम सुरू झाल्या की मुद्रणात बारीक गुणगुण यायची. तात्यांनी दुकानामागं खड्डा घेऊन मीठ, कोळसा घालून नवं अर्थिंग केलं, तेव्हा ती गुणगुण कमी झाली.

मग खरं शिक्षण सुरू झालं, मिसळायचं. सुरुवातीला आम्ही सगळ्या नवशिक्यांसारखंच केलं. गाणं ऐकू येईना म्हणून गाणं वाढवलं. मग पखवाज दबला म्हणून पखवाज वाढवला. मग पेटी. शेवटी सगळंच इतकं वाढलं की लाटा वरच्या रेघेला टेकून चपट्या झाल्या आणि आवाज फाटला. काँप्युटरला एक कमाल असते, तिच्यापलीकडं तो आवाज कापून टाकतो. अण्णा त्या दिवशी सहज आले होते. ऐकून म्हणाले, "एकाला उठवायचं असंल तर दुसऱ्याला बसवा की रं. समदीच उभी ऱ्हायली तर दिसंल कोण?"

दाराशी बसवलेला तो टाळकरी मला आठवला. आम्ही सगळे पट्टे खाली आणले आणि पहिल्यापासून बैठक घातली. बुवांचा आवाज मधे. टाळ दोन्ही कानांना निम्मे निम्मे. गाण्यातल्या १०० हर्ट्झच्या खालची हवा आणि धबधब कापून टाकली, कारण ती जागा पखवाजाच्या धुमेची. धुमेला कणीक लावून अण्णा जो खर्ज काढायचे त्याच्या आड दुसरं कुणी यायचं कारण नव्हतं. गाण्याचे शब्द ज्या पट्टीत उमटतात, साधारण दोन-तीन हजार हर्ट्झ, तिथं पेटी थोडी उतरवली. म्हणजे पेटीचं तोंड भिंतीकडं. तीनशेच्या आसपास सगळीच वाद्यं गर्दी करतात आणि आवाज गढूळ होतो. तिथं प्रत्येकाचं थोडं थोडं काढलं. नुसतं काढून काढून गाणं उघडं पडलं. वाढवलं काहीच नव्हतं.

मग मोबाईलवर ऐकलं आणि पखवाज गायब. त्या वर्षांत गाणी मेमरी कार्डावर भरून घ्यायची चाल होती. पोरं मोबाईलवाल्याच्या दुकानात रांग लावायची. म्हणजे आमचं भजन ऐकलं जाणार ते मोबाईलच्या बोटभर स्पीकरवर, आणि त्यातून खर्ज बाहेरच येत नाही. अण्णांचा चेहरा बघवेना. शेवटी गुरुजींनी तोड काढली. खर्ज वाढवून उपयोग नाही, तो स्पीकरला पेलतच नाही. पण पखवाजावर बोट पडतं त्या क्षणी एक कोरडा आघात असतो, तो वरच्या पट्टीतला. तो जरा उजळला. आता मोबाईलवर धूम ऐकू यायची नाही, पण बोट ऐकू यायचं आणि धूम कान आपोआप भरून घ्यायचा. तेव्हापासून प्रत्येक गाणं चार ठिकाणी ऐकायचं ठरलं. हेडफोनवर, मोबाईलवर, वडापच्या जीपमध्ये आणि देवळाच्या कर्ण्यावर. चारी ठिकाणी शब्द कळले तर पास.

असं शिकत शिकत आम्हाला वाटायला लागलं की आपल्याला येतंय. माणसाच्या हातून मोठी चूक होते ती याच वेळी.

२००९ साली मी ट्रंकेतली आजीची कॅसेट काढली. तेरा वर्षांत फीत जरा चिकट झाली होती. तात्यांनी पुढं-मागं फिरवून मोकळी केली, टेपचं तोंड पुसलं, तारेनं काँप्युटरला जोडलं. पंचेचाळीस मिनिटं सगळे गप्प बसून ऐकत होतो. आवाज आजीचाच, पण जात्याची घरघर मोठी. टेप उंबऱ्यावर, जात्याच्या जवळ होता. काही ठिकाणी शब्द त्या घरघरीत बुडायचे.

भाचा म्हणाला, "मामा, ही काढता येती." ऑडॅसिटीत तशी सोय होतीच. आधी नुसत्या गोंगाटाचा एक तुकडा यंत्राला ऐकवायचा, म्हणजे त्याला कळतं की नको असलेला आवाज कसा आहे. मग सगळ्या फाईलीतून तो वजा करायचा. आजी मधे गप्प बसली होती ती जागा आम्ही निवडली. नुसतं जातं. तो तुकडा यंत्राला दिला आणि कळ दाबली. घरघर गेली. थोडी उरली होती ती परत एकदा वजा केली. आजी कोऱ्या शांततेत गात होती. आवाजाला जरा पाण्यातून आल्यासारखी झाक आली होती, पण शब्द न् शब्द कळत होता. आम्ही एकमेकांकडं बघून खूश झालो.

"मामा, मोठी फाईल उडवू का? जागा न्हाई." मिनिटाला दहा एमबी, म्हणजे मूळ फाईल साडेचारशे एमबीची. डिस्क चाळीस जीबीची आणि तीही लग्नाच्या फोटोंनी भरलेली. साफ केलेली एमपीथ्री होती पंचेचाळीस एमबीची.

"उडव," मी म्हणालो.

पुढच्या वर्षी आषाढी एकादशीच्या आधी अण्णांना मंडळाची तालीम टेपवर घ्यायची होती. बाजारात कोऱ्या कॅसेट मिळेनाशा झाल्या होत्या. मी ट्रंकेतली काढली. अण्णा म्हणाले, "अरं, ही आईची न्हवं का?"

"ती काँप्युटरात हाय अण्णा. एकदम साफ." आणि मी लाल कळ दाबली.

याचा अर्थ कळायला २०१७ साल उजाडलं. तोवर गावात स्वस्तातलं इंटरनेट आलं होतं. पुण्याचे गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून बायांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या होत्या. त्या ओव्या त्या वर्षी 'पारी' या संकेतस्थळावर यायला लागल्या. थोरली आत्या आमच्याकडं आली होती. मोबाईलवर त्या ऐकून तिला भरून आलं. म्हणाली, "आपल्या आईचं हाय म्हणत होतास ते लाव की."

मी लावलं. आत्या डोळे मिटून ऐकत बसली. पाच-सहा ओव्या झाल्यावर तिनं डोळे उघडले.

"आवाज आईचाच हाय. पर जातं कुठाय?"

"काढलं आत्या. गोंगाट होता."

"गोंगाट?" आत्या माझ्याकडं बघत राहिली. "आरं, ती सभेत गात हुती व्हय? जातं फिरल तशी ओवी यायची. दाणा घातला की जड व्हायचं, मग ती थांबायची. थांबायची कशापायी ते आता कळतंय का ह्यात? नुसती मधीच गप बसल्यागत वाटतीया."

ते ऐकल्यावर मला सगळं ऐकू आलं, आठ वर्षं न ऐकू आलेलं. आजी ओळीच्या मधे थांबायची, शब्द लांबवायची, ते तिच्या मनानं नव्हतं. जात्याचा खुंटा पुढं गेला की ओळ पुढं, खुंटा मागं आला की श्वास. जातं ही तिची साथ होती. पखवाज काढून टाकून बुवांना गायला लावावं तसं आम्ही केलं होतं. आणि मूळ आता कुठंच नव्हतं. फाईल मी उडवायला सांगितली होती. कॅसेटवर अण्णांची तालीम होती, तीही मीच घेतलेली.

भाच्याला फोन केला. तो तोवर सातारला स्वतःचा छोटा स्टुडिओ चालवत होता. मोबाईलवाल्याची जुनी डिस्क त्यानं माळ्यावरून शोधून काढली. दोन दिवस धुंडाळून एक फाईल सापडली. गोंगाटाचा नमुना म्हणून आम्ही जो तुकडा यंत्राला दिला होता, तो त्यानं वेगळा ठेवून दिला होता, पुढं कधी लागला तर. फाईलीचं नाव होतं 'नको'. सात सेकंदांची. नुसतं जातं. घरघर, खुंट्याची एक बारीक कुरकुर आणि शेवटी बांगड्यांचा आवाज.

आजीच्या जात्याचं एवढंच उरलंय. आम्ही ज्याला नको म्हटलं तेवढंच.

भाच्यानं एक प्रयत्न केला. ती सात सेकंदं पुन्हा पुन्हा जोडून पंचेचाळीस मिनिटं केली आणि आजीच्या गाण्याखाली घातली. त्याचं काम सफाईदार, जोड कुठं कळत नव्हता. पण ऐकताना अंगावर काटा आला, तोही वाईट. जातं एका चालीनं फिरत होतं आणि आजी भलत्याच चालीनं थांबत होती. दाणा घातल्यावर जातं जड होत नव्हतं. गुरुजी आता निवृत्त झालेत, त्यांनी ऐकलं आणि मान हलवली. "हे खोटं आहे. हे ठेवू नका." आम्ही ते पुसलं.

आता आमच्याकडं दोन फाईली आहेत. एकात आजीचा आवाज, जात्याशिवाय. दुसरीत सात सेकंदांचं जातं, आवाजाशिवाय. दोन्ही वेगळ्याच ठेवल्यात. घरातल्या पोरांना ऐकवायचं झालं तर आधी जातं लावतो, मग आजी, आणि मधे काय झालं ते सांगतो.

तात्या गेले, टपरी गेली. आम्ही चौघं अजून भेटतो. भाच्याच्या स्टुडिओत नवी पोरं शिकायला येतात. त्यांच्याकडं आम्हाला स्वप्नातही मिळाली नसती अशी यंत्रं आहेत. गोंगाट एका बोटानं जातो, आणि पाण्यातून आल्यासारखा आवाजही होत नाही. भाचा त्यांना सगळं शिकवतो, पण पहिल्या दिवशी शिकवतो ते एकच. मूळ फाईलीला हात लावायचा नाही. आधी तिची नक्कल करायची, नक्कल दुसऱ्या डिस्कवर ठेवायची, मग काय कापायचं ते नकलेवर कापायचं. आणि कापायच्या आधी घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला ऐकवायचं.

परवा एका पोरानं त्याच्या आजोबांचं मुद्रण आणलं. वाघ्याचं गाणं होतं, मागं कुत्रं भुंकत होतं. पोरगं म्हणालं, "काका, कुत्रं काढून द्या."

मी विचारलं, "कुत्रं कुणाचं?"

"आजोबांचंच."

भाच्यानं माझ्याकडं बघितलं. मग पोराला म्हणाला, "आधी नक्कल करून घे. मग बघू."